पुतळा आणि त्याखालची जमीन

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. मुंबईची माणसे गेटवेवरून लाँचने तिथे जातात, त्यामुळे हे बेट मुंबईचेच आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. म्हणजे न्हावा-शेवा बंदराचे ते शेजारचे गाव. पोर्तुगीज या बाजूला आले तेव्हा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ त्यांना काळ्या दगडात कोरलेला भला मोठा हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव जगभर झाले. हत्ती मात्र आज बेटावर नाही.

त्याची हकिगत अशी. १८१४ मध्ये या हत्तीचे डोके आणि मान निखळून पडली. पुढे १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. यारीने उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. एवढे झाल्यावर इंग्लंड राहिले बाजूला. ते तुकडे मुंबईत व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, आणले गेले. पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आपल्याला पाहायला मिळतो.

पुतळ्यांच्या वादाविषयी बोलताना सुरुवात या हत्तीपासून केली, कारण त्याच आवारात त्याला मोठी नामांकित सोबत आहे. राणी व्हिक्टोरिया, लॉर्ड कॉर्नवॉलिस, वेलस्ली, माँटेग्यू अशी एकेकाळची बडी मंडळी तिथे संगमरवरात उभी-बसलेली आहेत. कोणाचे नाक उडाले आहे, कोणाचा हात. हीही सगळी आपापल्या मूळ जागेवरून उचलून आणलेली. हत्ती साम्राज्याने हलवला आणि साम्राज्याचे पुतळे स्वतंत्र भारताने हलवले. दोघांचा मुक्काम एकाच अंगणात पडला.

यातली राणी मूळची एस्प्लनेडवरची. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिला आणि १८७२ मध्ये तो बसवला गेला. १८९६ साली एका रात्री कोणी तरी राणीच्या तोंडाला डांबर फासले आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. करणारा कोण हे तेव्हा कळले नाही. पुढच्या वर्षी २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, चापेकर बंधू पकडले गेले, तेव्हा दामोदर हरी चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात डांबराचीही कबुली दिली. संगमरवरात मुरलेला तो डाग निघता निघेना. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तो काढून दाखवला आणि त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. एक भारतीय डाग लावतो, दुसरा भारतीय तो काढतो आणि पुतळा मुळात दिलेला असतो तिसऱ्या भारतीयाने! ‘परक्यांचे पुतळे’ म्हणून आपण जे एका झटक्यात बाजूला सारतो, त्यांच्या घडणीत आणि मोडणीत आपलीच माणसे किती गुंतलेली होती, हे यावरून कळावे.

काळ्या घोड्याचेही तसेच. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी हा अश्वारूढ पुतळा मुंबईला दिला. शिल्पकार जोसेफ बोहम, अनावरण १८७९. लोकांनी राजपुत्राकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी घोडा पाहिला आणि चौकाचे नाव काळा घोडा झाले. १९६५ मध्ये आंदोलकांनी शहरातल्या काही इंग्रजी पुतळ्यांची मोडतोड केली आणि त्यानंतर हे पुतळे भायखळ्याला हलवण्यात आले. घोडा गेला, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ सांगितले की तो बरोबर तिथेच नेऊन सोडत असे. अखेर २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला, या वेळी पाठीवर स्वार नसलेला. एखाद्या समितीला सुचला नसता इतका चांगला तोडगा लोकांच्या तोंडी नावातून निघाला, असे माझे मत आहे.

फ्लोरा फाउंटनला आणखी वेगळी वाट निघाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर तिथे गोळीबार झाला आणि १५ माणसे मारली गेली. पुढे त्याच चौकात हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले, चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले. १८६४ सालचे कारंजे मात्र कोणी उखडले नाही. रोमन फुलदेवता आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार गेली साठहून अधिक वर्षे एकमेकांशेजारी उभे आहेत. तेव्हाचे वातावरण किती तापलेले होते हे आठवले की या समंजसपणाचे नवल वाटते.

कारण पुढच्या काळात आपली रीत बदलत गेली. पुण्याच्या लाल महालातले दादोजी कोंडदेवांचे शिल्प घ्या. शिवरायांच्या जडणघडणीत दादोजींचे स्थान काय, त्यांना गुरू म्हणावे की जहागिरीचे कारभारी, हा इतिहासातला खरा प्रश्न आहे आणि त्यावर कागदपत्रांच्या आधारे भांडायला हरकत नाही. महापालिकेने पुतळा हटवण्याचा ठरावही रीतसर केला होता. पण २७ डिसेंबर २०१० रोजी तो काढला गेला, तो बंदोबस्तात, शहर झोपलेले असताना. ठराव दिवसा आणि अंमल रात्री! ज्या निर्णयाचे समर्थन करता येते, तो सकाळी अकरा वाजता, लोकांसमोर का अमलात आणू नये?

रायगडावरचा वाघ्या कुत्रा आणि पुण्यातला राम गणेश गडकरींचा पुतळा यांची गोष्ट तर एकमेकांत अडकलेली आहे. शिवरायांच्या समाधीजवळ वाघ्याचे शिल्प बसले १९३६ साली, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीच्या मदतीने. वाघ्याला समकालीन कागदपत्रांत आधार नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतात. ही आख्यायिका घरोघरी पोहोचवण्यात गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा वाटा मोठा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी वाघ्याचा पुतळा उखडून टाकला, आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसवला गेला. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्री काढून मुठा नदीत टाकण्यात आला. कारण तेच नाटक, त्यातले संभाजी महाराजांचे चित्रण. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी वाघ्याचे शिल्प हटवण्याची मागणी केली, तेव्हा धनगर समाजातून विरोध उठला. म्हणजे वाद कुत्र्याचा राहिलाच नाही. होळकरांनी दिलेल्या वस्तूला हात लावायचा का, असा तो झाला. देणगी, जात, राजनिष्ठा, नाटक, पुरावा असे सगळे एका दगडी कुत्र्याच्या पाठीवर. तो पुरावा खरा की खोटा, हे सांगणाऱ्या अभ्यासकाचा आवाज या कल्लोळात कोणाला ऐकू येणार?

आता पुन्हा उरणकडे येऊ. इथल्या स्मारकांची जात वेगळी आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगल कायद्यामुळे लाकूडफाटा आणि चराई यांवर बंधने आली होती, आणि आसपासच्या गावांतली माणसे कोयते घेऊन निघाली होती. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मारले गेले. त्यांतली काही नावे पाहा : नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी. कातकरी, कोळी, न्हावी, आगरी असा सगळा तालुका त्या डोंगरात होता. त्याच गदारोळात मामलेदार जोशीही गोळी लागून मेले. पुढे खटला चालला, त्यात आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापाशी पोलीस बंदुकांची मानवंदना देतात. ज्या खात्याने गोळ्या झाडल्या, त्याच खात्याची सलामी.

दुसरा गोळीबार स्वतंत्र भारतातला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या जमिनी सरकारने घ्यायला सुरुवात केली. पाठोपाठ न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प आला. जमिनीचा भाव आणि पुनर्वसन यांवरून आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. दि. बा. मूळचे जासईचेच. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर हे दोघे गेले. दुसऱ्या दिवशी पागोटे गावाजवळ कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील असे तिघे. पाच जीव गेल्यावर सरकारला बोलणी करावी लागली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व या लढ्यातून मान्य झाले. जिथे जिथे साडेबारा टक्क्यांचे भूखंड दिसतात, तिथे या पाच नावांचे ऋण आहे. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हाती मात्र भूखंडांची इरादापत्रे पडायला २०१४ चा ऑगस्ट उजाडला.

जासई आणि पागोटे इथली हुतात्मा स्मारके साधी आहेत. बाहेरचा माणूस गाडीतून जाताना त्यांच्याकडे वळून पाहणार नाही. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला तिथे माणसे जमतात आणि नावे घेतली जातात. या स्मारकांवरून कधी दंगल झाली नाही, कोणी त्यांना डांबर फासले नाही. याचे कारण माझ्या मते सोपे आहे. ज्यांचा माणूस गेला त्यांनी आपल्या गावात, आपल्या जमिनीवर ते उभारले. कोणाची परवानगी ढापली नाही, कोणाच्या अंगणात परका चौथरा घातला नाही.

त्याच दास्तान फाट्याजवळ बंदराच्या प्रशासनाने अलीकडच्या काळात शिवसमर्थ स्मारक उभे केले आहे. शिवराय आणि समर्थ रामदास एका नावात जोडले की महाराष्ट्रात लगेच भुवया उंचावतात, कारण रामदास हे शिवरायांचे गुरू होते का, हा वाद लाल महालातल्या वादाचाच सख्खा भाऊ आहे. त्यात मी इथे शिरत नाही. मला दिसतो तो फाट्यावरचा विरोधाभास. एका बाजूला बंदराच्या पैशाने झालेले मोठे स्मारक, दुसऱ्या बाजूला त्याच बंदराच्या जमिनीपायी मेलेल्यांचे लहान स्मारक. अंतर थोडेसेच, पण पहिल्यावर खर्च करताना दुसऱ्याची गोष्ट कोणी सांगायची, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर आला असेल असे वाटत नाही.

नव्या मुंबईच्या विमानतळाच्या नावावरून २०२१ साली जे रण माजले, ते याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव केला. भूमिपुत्रांनी दि. बा. पाटलांचे नाव लावून धरले. त्या जूनमध्ये त्यांनी मानवी साखळी केली आणि दि. बां.च्या स्मृतिदिनी, २४ जूनला, सिडको भवनावर हजारोंनी चालून गेले. बाहेरच्यांना हा दोन नेत्यांच्या चाहत्यांचा झगडा वाटला. जासईच्या माणसाला तो तसा वाटत नव्हता. शेत गेले, खाडी गेली, गावाभोवती इमारती उठल्या, आता निदान फाटकावरचे नाव तरी आमचे असू द्या, अशी ती मागणी होती. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाचा निर्णय घेतला, विधिमंडळाने ठराव करून तो केंद्राकडे पाठवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हाही नावाची मागणी पुन्हा गाजली.

पुतळ्याचे तर अनावरण कोणी करायचे, यावरूनही भांडण होते. २०२५ च्या नोव्हेंबरात नेरुळला झाकून ठेवलेला शिवरायांचा पुतळा अमित ठाकरे आणि मनसेच्या कार्यकर्त्यांनी अनावरणाची वाट न पाहता खुला केला आणि प्रकरण पोलिसांत गेले. पुतळा असावा यावर दोन्ही बाजूंचे एकमत. वाद फक्त पडदा कोणाच्या हाताने सरकला याचा.

समुद्रातल्या शिवस्मारकाचा वादही कोळ्यांच्या नजरेतून पाहिला तर वेगळा दिसतो. २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झाले. उंची दोनशे मीटरच्या वर, खर्च हजारो कोटींचा. मच्छीमारांनी सांगितले की ही आमची मासेमारीची जागा आहे. पर्यावरणाच्या मुद्द्यावर लोक न्यायालयात गेले आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने काम थांबले. कोळी शिवरायांच्या विरोधात आहेत असे म्हणणाऱ्याला शिवरायांचे आरमार कोणाच्या हातावर उभे होते, हे माहीत नसावे. शेवा कोळीवाड्याची माणसे बंदरासाठी उठवली गेली. त्यांना उरणला जिथे वसवले तिथे घरांना वाळवी लागली आणि त्याची दाद मागता मागता एक पिढी म्हातारी झाली. समुद्रात भराव म्हटले की इथल्या कोळ्याला आधी ते आठवते.

घाईचाही एक हिशेब असतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. आपल्याकडे सहा फुटी मातीचा नमुना मंजुरीला आला होता, एवढ्या उंच पुतळ्याची कल्पनाच दिली नव्हती, असे कला संचालकांनी नंतर सांगितले. पुतळ्यांच्या परवानगीसाठी राज्य सरकारचे सविस्तर नियम आहेत, जागेच्या मालकीपासून नमुन्याच्या मान्यतेपर्यंत. तिथे ते वाऱ्याबरोबर उडाले. घारापुरीच्या हत्तीची साखळी तुटली त्याला तोवर १६० वर्षे झाली होती.

परदेशातले एक उदाहरण सांगतो, तेही बंदराच्या गावचे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ पासून उभा होता. त्याने शहराला भरपूर दाने दिली होती. पुतळा हलवा, निदान खालची पाटी तरी बदला, म्हणून लोक वर्षानुवर्षे अर्ज करत होते आणि पाटीच्या मजकुरावर घोळ चालू होता. ७ जून २०२० रोजी जमावाने तो पाडला आणि थेट बंदरात बुडवला. महापालिकेने तो बाहेर काढला आणि संग्रहालयात ठेवला, आडवा, अंगावरच्या रंगाच्या डागांसकट. डाग काढायला त्यांनी कोणा गज्जरांना बोलावले नाही. तो डाग आता पुतळ्याच्या इतिहासाचा भाग आहे, असे त्यांनी मानले. राणी व्हिक्टोरियाचे डांबर आपण ठेवले असते, तर भायखळ्याला येणाऱ्या शाळकरी मुलांना चापेकर वेगळे शिकवावे लागले नसते.

मग तो हत्ती परत घारापुरीला न्यावा का? उरणकरांचा त्यावर हक्क आहे, यात मला शंका नाही. पण एकदा फुटून सांधलेला दगड पुन्हा यारीला टांगायचा म्हणजे १८६४ चा जुगार पुन्हा खेळणे, आणि बेटावर उघड्यावर खाऱ्या वाऱ्यात तो किती टिकेल हे आधी तज्ज्ञांनी तपासायला हवे. तोवर एवढे तरी होऊ शकते : घारापुरीच्या धक्क्यावर एक मोठी मराठी पाटी लावावी, की ज्या हत्तीवरून या बेटाला जगाने नाव दिले तो इथे होता, कोणी नेला, कसा फुटला आणि आता कुठे आहे. आणि भायखळ्याला हत्तीच्या पायाशी दुसरी, की हा उरण तालुक्यातला आहे.